मित्राला जामीन राहायचं की नाही? (आणि चांगला मित्र म्हणजे नेमकं कोण?)

पारावरचा
नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असतो पण आता खरंच सल्ला हवाय.

शाळेपासूनचा मित्र आहे, खरं नाव सांगत नाही, बंडू म्हणू. गाव नारायणगावच्या पलीकडं. मी चाकणला कंपनीत चिकटलो, तो गावातच राहिला. थोडी जमीन आहे, आणि टोमॅटोच्या सीझनला दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर, म्हणजे संध्याकाळी मार्केटातून माल भरायचा, माळशेज उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशीला टाकायचा. आता त्याला स्वतःची पिकअप घ्यायचीय. नवीकोरी. तालुक्यातली एक पतसंस्था ७ लाख द्यायला तयार आहे, ५ वर्षं, १३ टक्के, पण दोन जामीनदार पाहिजेत आणि त्यातला एक पगारदार. तो पगारदार म्हणजे अस्मादिक.

आता अडचण अशी की हा साधा ओळखीचा माणूस नाही. माझे वडील पुण्यात ॲडमिट होते तेव्हा आम्ही सगळे तिकडं, आणि गावाकडं आमची म्हैस यानं सांभाळली, दूध रोज डेअरीला घातलं. आम्ही परत आलो तेव्हा वही आणून दिली, कुठल्या दिवशी किती लिटर, फॅट किती लागलं, पेंड कितीची आणली, आणि उरलेले पैसे वहीत घालून. मी मागितली नव्हती वही. अशा माणसाला मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

बायको म्हणते, पैसे द्यायचे तर द्या, सही करू नका. घरात दोन दिवस अबोला आहे. चांगला मित्र सही करतो की करत नाही, तुम्हीच सांगा.

तिरपागडा
नाही. विषय संपला. झेपतील तेवढे हातउसने द्या आणि ते परत येणार नाहीत असं धरून चाला. सही नको. वहिनी बरोबर आहेत.

चिंचेचा_कोळ
मैत्रीखातर सही केल्यावर काय होतं ते कर्णाला विचारा 😄

रात्रपाळी
माझा प्रश्न वेगळाच आहे. मित्रानं हे विचारलंच का? आपल्या दोस्ताला अशा कात्रीत पकडायचं नाही हे चांगल्या मित्राला कळायला नको का? नाही म्हटलं तर म्हैस आठवणार, हो म्हटलं तर बायको. दोन्हीकडून मरण तुमचंच.

मोडीवाचक
@चिंचेचा_कोळ, कर्णाचं उदाहरण दरवेळी उलटं दिलं जातं. तो दुर्योधनाच्या बाजूनं लढला ह्यात मला काही चूक वाटत नाही, दिलेला शब्द पाळला. पण इतक्या वर्षांत मित्राला एकदा बाजूला घेऊन 'हे चुकतंय तुझं' असं खडसावून सांगितलेलं कुठं दिसत नाही. द्यूतसभेत विकर्ण, म्हणजे दुर्योधनाचा सख्खा लहान भाऊ, उठून बोलला आणि त्याला गप्प कुणी केलं तर कर्णानं. जीव दिला मित्रासाठी, पण नाही म्हणणं जमलं नाही. (चालू द्या, माझं अवांतर झालं.)

वसुलीवाले_काका
धागाकर्ते, मी एका पतसंस्थेत वसुली खात्यात होतो, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो. भावनेचं तुमचं तुम्ही बघा, मी कागदाचं सांगतो कारण लोक जामीन राहणं म्हणजे 'माणूस ओळखीचा आहे' असं सर्टिफिकेट देणं समजतात. तसं नाही हो ते.

भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. वेगळं काही ठरलं नसेल तर मुद्दल, व्याज, दंडव्याज, सगळं. 'आधी त्याची गाडी विका, त्याची जमीन बघा, मग माझ्याकडं या' असं म्हणता येत नाही, सुप्रीम कोर्टानं साठच्या दशकातच बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात ते मिटवून टाकलंय. संस्था थेट तुमच्याकडं येऊ शकते.

आणि पतसंस्थेला तर कोर्टात दिवाणी दावा लावत बसायचीही गरज नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम १०१. निबंधकाकडं अर्ज, सुनावणी, आणि वसुली दाखला. दाखल्यावर कर्जदाराच्या खाली जामीनदारांची नावं असतात. मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली, नाहीतर कलम १५६ खाली विशेष वसुली अधिकारी जप्तीला. गावात याला नुसतं 'एकशेएक झालं' म्हणतात.

पगारदारच का मागतात? कारण पगारातून कापून घ्यायचं संमतीपत्र लिहून घेता येतं, कलम ४९ त्यासाठीच आहे. आणि दुसरं कारण कुठल्या कलमात नाही. कर्जदार थकला की फोन बंद करतो, शेतावर जातो, सासुरवाडीला जातो. जामीनदार सकाळी गेटवर पंचिंग करताना सापडतोच. आम्ही आधी कुणाकडं जायचो असं वाटतं? साहेब यादी द्यायचे तेव्हा आमचं पहिलं बोट जामीनदाराच्या कंपनीच्या नावावर.

आणखी, संस्था सिबिलला माहिती देत असेल तर हे कर्ज तुमच्याही सिबिल रिपोर्टला दिसतं. उद्या तुम्हाला फ्लॅट घ्यायचा असेल तर बँक हेही मोजणार. कर्जदार देव न करो वारला तरी जामीन सुटत नाही.

सही करणारच असाल तर कोऱ्या जागा भरून घ्या, प्रत्येक कागदाची झेरॉक्स घ्या, मंजुरीपत्र वाचा. आणि पुढं 'नवंजुनं' करून घेतात, म्हणजे जुनं थकलं की नवीन मोठं कर्ज काढून जुनं भरल्याचं दाखवायचं, त्यात तुमची सही परस्पर वापरू देऊ नका. करार कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे तुमच्या संमतीशिवाय अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारातून तुम्ही सुटता, पण छापील जामीनपत्रात बहुतेक वेळा 'माझी आगाऊ संमती आहे' अशी ओळ घातलेली असतेच. बारीक अक्षरात. चष्मा घेऊन जा.

तिरपागडा
काका दंडवत. मी पाच शब्दांत सांगितलं तेच तुम्ही कलमांसकट सांगितलंत.

वसुलीवाले_काका
मी 'करू नका' म्हटलेलं नाही बरं. माझ्या बहिणीच्या दिरांना मी स्वतः जामीन होतो, कर्ज नील झालं.

लाल_माती
माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शिक्षकांच्या सोसायटीत 'तू माझा जामीन, मी तुझा' हे इतकं सर्रास चालायचं की स्टाफरूममध्ये चहा पिता पिता फॉर्म फिरायचा आणि न वाचता सह्या व्हायच्या. बाबांनी ज्यांच्या फॉर्मवर सही केली ते सर आमच्या घरी दर रविवारी यायचे, माझ्या हातचे पहिले पोहे (कच्चे राहिलेले) त्यांनी खाल्लेले. त्यांचे हप्ते थकले, मुलाच्या धंद्यात पैसे बुडाले होते. आम्हाला कळलं कसं, तर बाबांच्या पगारपत्रकात एक नवीन कपात आली. हेडमास्तरांना विचारलं तर ते म्हणाले अहो तुम्हाला माहीत नाही?

पैसे गेले त्याचं आईला वाईट वाटलं, मला त्या वर्षी क्लास लावता आला नाही, असं सगळं झालं. पण बाबांना ते लागलं नाही. त्यांना लागलं ते हे की ते सर रविवारी येत राहिले होते. हप्ता थकलेला असतानाही. बसायचे, निवडणुकीच्या गप्पा मारायचे, पोहे खायचे आणि जायचे. एक शब्द नाही. कपात सुरू झाल्यावर मात्र यायचे बंद झाले, गल्ली बदलून जायला लागले. बाबा म्हणायचे, अरे आधी सांगितलं असतंस तर आपण दोघं जाऊन मॅनेजरला भेटलो असतो, हप्ता लहान करून घेतला असता.

त्यामुळं चांगला मित्र सही करतो का हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. सही घेणाऱ्यानं काय करायचं ते पण विचारा की.

बॅजवाला
लाल_माती, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं पण मी दुसरी बाजू मांडतो. वर जे 'सही नको, विषय संपला' म्हणतायत त्यांच्याकडं बहुतेक सॅलरी स्लिप असावी. ज्याच्याकडं स्लिप नाही, नावावर घर नाही, सातबाऱ्यावर चार भावांची नावं, त्याला जामीनदाराशिवाय कोण उभं करतंय दारात? मग तो जातो खाजगी सावकाराकडं, महिन्याला पाच टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला साठ.

माझी पहिली रिक्षा एका एसटी मेकॅनिकच्या सहीवर आली. वडिलांचे दोस्त. सही करताना त्यांनी एकच अट घातली, दर महिन्याला हप्ता भरलेली पावती मला आणून दाखवायची, आणि ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात तारखेच्या आधी येऊन तोंडावर सांगायचं. मी डेपोच्या गेटवर जायचो पावती घेऊन. ते हात पुसायचे, वाचायचे, खिशात घालायचे. एका पावसाळ्यात गाडीचं इंजिन गेलं तेव्हा खरंच जमणार नव्हतं, गेलो, सांगितलं. ते शिव्या घालतील वाटलं होतं. ते आले माझ्याबरोबर संस्थेत आणि मॅनेजरसमोर बसले, दोन महिन्यांची मुदत घेऊन दिली. एक रुपया त्यांच्या खिशातून गेला नाही.

आता मी तेच करतो पोरांसाठी. आता व्हॉट्सॲप आहे, डेपोत जायला नको.

रात्रपाळी
बॅजवाले मान गये. वरचा माझा 'विचारलंच का' वाला प्रतिसाद मागे घेत नाही, पण विचारायची पण एक पद्धत असते हे पटलं.

हिशेबनीस
भावनिक चर्चा चांगली चाललीय, पण कुणी आकडे मांडलेच नाहीत.

७ लाख, १३%, ६० महिने. घटत्या शिलकेवर, म्हणजे फेडाल तसं उरलेल्या रकमेवरच व्याज, असेल तर हप्ता साधारण १५,९०० च्या आसपास, एकूण व्याज अडीच लाखाच्या थोडं वर. पण हाच दर सरळ म्हणजे फ्लॅट, शेवटपर्यंत पूर्ण सात लाखांवर, असेल तर व्याज होतं ४ लाख ५५ हजार आणि हप्ता १९,२५०. तोंडी दोन्हीला 'तेरा टक्के'च म्हणतात. पहिलं हे विचारा.

दुसरं, बंडूशेठला विचारा की सीझनला खेपा किती आणि सीझन नसताना काय? हप्ता बारा महिने आहे, टोमॅटो बारा महिने सारखा नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावला वीस किलोचं क्रेट दोन हजारांवर गेलं आणि नंतर सप्टेंबरला भाव असा कोसळला की लोकांनी माल रस्त्यावर ओतला. भाव पडला की शेतकरी तोडणीच करत नाही, मग गाडीला भाडं कुठलं? डिझेल, टोल, टायर, इन्शुरन्स, पासिंग, आणि ड्रायव्हर तोच असला तरी त्याच्या घरात महिन्याला काही लागतंच ना. हे सगळं एका कागदावर मांडा. त्याच्यासोबत बसून, त्याच्या पाठीमागं नाही.

तिसरं आणि महत्त्वाचं, सध्या त्याच्यावर काय काय कर्ज आहे? पीककर्ज, सोनंतारण, बायकोच्या नावावर गटाचं कर्ज, दुकानदाराची उधारी, मोबाईलचा हप्ता, सगळं.

पारावरचा
सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. रविवारी गावी जातोय, बंडूशी बसतो. हिशेबनीस तुमचा प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवला, अबोला सुटला 😀

पारावरचा
आलो जाऊन. जसं झालं तसं लिहितो.

ओट्यावर बसलो, मी वही काढली तर तो हसला, म्हणाला काय रे इन्कमटॅक्सवाल्यासारखा. पण बसला. खेपा, डिझेल, भाडं सगळं त्याला तोंडपाठ, माझ्यापेक्षा चांगला हिशोब येतो त्याला. सीझनचे चार-पाच महिने हप्ता आरामात निघतो. बाकीच्या महिन्यांत भाजीपाला, कांदा, लग्नाचं सामान, असं धरलं तर काठावर निघतो. दोन महिने आजारी पडला तर नाही निघत. दर फ्लॅट आहे की घटता, ते त्यानं विचारलंच नव्हतं, मी समोर फोन लावायला लावला. फ्लॅट निघाला.

मग मी विचारलं सध्या काय काय देणं आहे. पीककर्ज सांगितलं. बास म्हणाला. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आणि गटाचं? मायक्रोफायनान्सचं, आठवड्याचा हप्ता, घराचा पत्रा बदलला तेव्हाचं. शिवाय एक हातउसनं, गावातल्याच एकाचं, त्याला व्याज आहे.

मी म्हटलं हे मला का नाही सांगितलंस. तो उठला. म्हणाला, तू माझ्यावर सही करायला आलायस का माझी चौकशी करायला, म्हशीची वही मी न मागता दिली होती तुला. आणि गेला बाहेर. चहा तसाच राहिला. मी वहिनींशी दोन शब्द बोलून निघालो. फोन केला, उचलला नाही.

तिरपागडा
बघा. सही करण्याआधीच ही गत.

लाल_माती
तिरपागडा, माफ करा पण मला उलट वाटतं. रागावला, ओट्यावरून उठून गेला, ठीक आहे. आमचे ते सर पोहे खात बसायचे त्यापेक्षा हे परवडलं. पारावरचा, तो म्हशीच्या वहीचं बोलला त्यात चूक पण नाही, त्याला वाटलं असणार की मी याचा हिशोब चोख दिला आणि हा माझ्याकडं चोर असल्यासारखा मागतोय. तुम्ही पुन्हा जा. एकटे जा, वही नका नेऊ ह्या वेळी.

मोडीवाचक
लाल_माती +१. गावाकडं कर्ज सांगायची लाज वाटते, आणि जवळच्या माणसापुढं जास्त वाटते. सावकाराला सगळं माहीत असतं, मित्राला नाही.

वसुलीवाले_काका
चहाच्या वेळी घरच्या बाईनं सांगितलेलं कर्ज हे खरं कर्ज. आमच्या चौकशीत पण तसंच व्हायचं.

दोन सूचना. एक, मुद्रा योजना बघा, २०१५ पासून आहे. किशोर गटात ५ लाखापर्यंत, विनातारण, आणि मालवाहू गाडीला चालते. सरकारी बँकेत जा. मॅनेजर टोलवाटोलवी करेल, चार चकरा माराव्या लागतील, आणि सिबिल बघणारच, त्यामुळं गटाचा हप्ता थकलेला नसावा. दोन, तो मराठा समाजातला असेल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, पण हप्ते वेळेवर भरले तरच व्याज परत मिळतं. बाकी समाजांची पण आपापली महामंडळं आहेत.

आणि नवीकोरीच का? चांगली चाललेली दोन-तीन वर्षांची पिकअप निम्म्या कर्जात बसते.

हिशेबनीस
काकांशी सहमत. आणि व्याजाचं हातउसनं आधी फेडायचं. पारावरचा, तुम्हाला मित्रासाठी पैसा घालायचाच असेल तर तिथं घाला. झेपेल तेवढाच आणि वहिनींना, म्हणजे तुमच्या सौ.ना विचारून.

चिंचेचा_कोळ
आमच्याकडं मित्र म्हणजे पार्टीला सगळ्यात आधी हजर आणि बिलाच्या वेळी फोनवर. हा धागा वाचून दोघांची नावं लिस्टीतून उडवली.

पारावरचा
अपडेट देतो, काही जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं.

तोच आला. चाकणला माल टाकायला आला होता, कंपनीच्या गेटवर येऊन फोन केला, खाली ये म्हणाला. टपरीवर उभं राहून सगळी देणी तोंडी सांगितली, एक माझ्या सौ.च्या भावाकडून घेतलेले पण होते, ते तर मला माहीतच नव्हते (सौ.ला होते!! तिचं म्हणणं, भावानं शपथ घातली होती). माफीबिफी कुणीच मागितली नाही. मीच म्हटलं, सात लाखाच्या कागदावर मी सही करत नाही, फ्लॅट व्याजावर तर नाहीच. तो म्हणाला, मलापण परवा रात्री घाटात गाडी चालवताना तेच वाटत होतं, पण तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास मग आधी का घाई केलीस.

ठरलं असं की व्याजाचं हातउसनं मी फेडतोय, बायकोच्या देखत दिले, लिहून काही घेतलं नाही, तिनंच नको म्हटलं. गटाचा हप्ता चालूच आहे, थकलेला नाही. मुद्राची फाईल एका सरकारी बँकेत टाकलीय, साडेतीन लाखाची, ओतूरकडची एक वापरलेली पिकअप बघितलीय, मेकॅनिकला दाखवून. नाही झालं तर तेवढ्याच रकमेला मी पतसंस्थेत जामीन राहणार, घटत्या व्याजावर दिलं तर, आणि बॅजवाल्यांची पावतीची अट घालून. सौ.ला हे मान्य आहे. म्हणजे, ती म्हणाली 'बघू'.

बॅजवाला
मस्त. पावतीचा फोटो दर महिन्याला, आणि त्यानं पाठवला की नुसता अंगठा दाखवू नका, फोन करा.

तिरपागडा
मी माझ्या मतावर ठाम. साडेतीन लाख पण साडेतीन लाखच असतात.

वसुलीवाले_काका
बरोबर आहे तुमचं. म्हणूनच रक्कम अशी धरावी की पूर्ण आपल्या अंगावर आली तरी आपलं घर चालेल. त्याच्यावर एक रुपया नको, मित्र कितीही जवळचा असो.

नवा_कोरा
धागा उशिरा पाहिला. माझ्याकडं पण ऑफिसातल्या एकाचा फॉर्म आलाय, आणखी एक सहजामीनदार आहे. काका, मग माझ्यावर निम्मीच जबाबदारी ना?

वसुलीवाले_काका
नाही. संस्था तुमच्या एकट्याकडून पूर्ण रक्कम मागू शकते. भरल्यावर निम्मी त्या दुसऱ्या जामीनदाराकडून मागायचा हक्क तुम्हाला आहे, करार कायदा कलम १४६, आणि कर्जदाराकडून सगळी, कलम १४५. पण मागायला तुम्हीच फिरायचं. तो दुसरा कोण आहे, ओळखीचा आहे का? आणि कर्ज कशासाठी घेतोय ते त्यानं सांगितलंय का तुम्हाला?

नवा_कोरा
दुसऱ्याला ओळखत नाही. कर्ज कशाला ते विचारलं नाही, बरं दिसत नाही ना असं विचारणं.

लाल_माती
विचारा हो. उद्याच.